पृष्ठ सत्त्याऐंशी, आवृत्ती कोणती?

संपादकांनी पत्र लिहून माझ्याकडे पाचूबंदरच्या वाळवणाच्या जागेच्या लढ्यावर लेख मागितला. मोर्चा, घोषणा, गाजलेलं भाषण, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. मी उलट कळवलं की लढ्यावर लिहीन, पण माझ्या कामातून लिहीन. माझं काम म्हणजे अभ्यासू लोकांच्या लेखांच्या शेवटी पुस्तकांची जी यादी असते, ती तयार करणं. तिला संदर्भसूची म्हणतात. ती कोणी वाचत नाही. लेख संपला की वाचक अंक मिटतो आणि चहाला उठतो. गेली सहा वर्षं मी या न वाचल्या जाणाऱ्या पानांवर जगते आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की लेखक लबाड आहे की सरळ हे पाहायचं असेल तर लेख शेवटून वाचायला घ्यावा.

या कामात मी पडले ती अपमानातून. पाचूबंदरला किनाऱ्यालगत आमच्या बायका बोंबील वाळवतात. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या अडकवायच्या. त्याला आम्ही वलांडी म्हणतो. एका शेठजींनी तीच जागा बर्फाच्या कारखान्यासाठी सरकारकडे मागितली. त्यांचं म्हणणं, जागा पडीक आहे, जुन्या सरकारी मोजणीत ती रिकामी दाखवली आहे, बायका काल-परवा येऊन बसल्या. काल-परवा! माझी आई तिथे उभी राहून राहून वाकली, तिची सासू तिथे वाकली. मी, फिलोमिना, सिस्टरांच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, पाड्यातली पहिली. मी पत्रक लिहिलं आणि वसईच्या बाजारात, देवळाबाहेर, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर वाटलं. 'सर्वांना ठाऊक आहे की ही जागा मोजणीच्या कितीतरी आधीपासून आमची आहे,' असं त्यात ठणकावून लिहिलं होतं.

त्यातलं एक पत्रक जोगळेकर सरांच्या हाती पडलं. सर मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि वसई गावात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुस्तकांच्या ढिगात राहत होते. त्यांनी मला निरोप धाडून बोलावलं. मला वाटलं, शाबासकी देतील. गेले तर माझ्या पत्रकावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा.

"सर्वांना ठाऊक आहे म्हणजे कोणाला?"

"सगळ्यांना, सर. अख्ख्या बंदराला."

"नाव सांग एकाचं."

"सर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"तुझ्याच. म्हणून तर विचारतोय. शेठजींचा वकील विचारेल तेव्हा एवढ्या प्रेमाने नाही विचारणार."

मी तणतणत निघून आले. चौथ्या दिवशी परत गेले, कारण मला कळलं की सर किनाऱ्यावरच्या गावांच्या सामाईक जमिनींवर एक मोठा लेख लिहीत होते आणि त्यात पाचूबंदरचा एक परिच्छेद होता. त्यांची नजर कमी झाली होती. तळटिपा आणि सूची करायला कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, "यादीच करायची ना? त्यात काय आहे?" सर हसले. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं.

त्यात काय आहे ते बाहेरच्यांसाठी सांगते. पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठावर विश्वास ठेवायचा नाही. ते बाइंडर बदलतो. आतलं शीर्षकपृष्ठ उघडायचं, मग ते उलटून मागची बाजू बघायची. तिथून लेखकाचं नाव, पुस्तकाचं पूर्ण नाव, आवृत्ती, कुठे छापलं, कोणी प्रसिद्ध केलं, कुठल्या साली, हे सगळं एका कार्डावर उतरवायचं. आहे तसं. साल छापलं नसेल तर 'साल नाही' लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. शके असेल तर शके लिहायचं, कारण शकाचं वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांत पाय टाकून असतं आणि महिना ठाऊक नसेल तर कुठला पाय धरायचा? सगळी कार्डं झाली की आडनावाप्रमाणे लावायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्डाच्या कोपऱ्यात एक शब्द: 'पाहिले' किंवा 'ऐकले'. पुस्तक स्वतः हाताळलं असेल तर पाहिले. दुसऱ्याच्या लेखात त्याचा उल्लेख वाचला असेल तर ऐकले, आणि कोणाकडून ऐकले तेही. ही सरांची स्वतःची पद्धत. मी ती पुढे कुठेही सोडली नाही.

या पद्धतीपायी गिऱ्हाइकांशी माझी भांडणं झाली आहेत. एक तरुण प्राध्यापक प्रबंध घेऊन आले. सूचीत बावीस पुस्तकं. म्हणाले, "बाई, साठ करा. वजन दिसायला हवं." मी विचारलं, उरलेली अडतीस वाचलीत? "वाचायची काय गरज? दुसऱ्याच्या सूचीतून उचला ना." मी कार्डं त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, अडतीसांवर मी 'ऐकले' लिहीन, चालेल? ते बावीसांवरच समाधानी झाले. कामण गावचे एक गृहस्थ आपल्या भागातल्या वाटांवर लेख लिहीत होते. त्यांना वडिलांचं पुस्तक सूचीत सगळ्यात वर हवं होतं. मी म्हटलं, आडनाव 'श' वरून आहे, काय करू? ते गंभीरपणे म्हणाले, "वडील आधी येतात." ते त्यांच्या घरी खरं असेल. सूचीत नाही.

एवढी कडक शिस्त दुसऱ्यांना शिकवणारी मी, पण ती मला शिकवली माझ्याच एका चुकीने. सरांच्या घरात पहिल्याच महिन्यात ती घडली.

सरांकडे उत्तर किनाऱ्यावरच्या बंदरांचं वर्णन करणारं एक फार जुनं मराठी पुस्तक होतं. आम्ही त्याला नुसतं बंदरांचं पुस्तक म्हणायचो. हा दिवाळी अंक आहे, संशोधनाचा नव्हे, म्हणून इथे पूर्ण नोंद देत नाही. ज्याला हवी त्याने मला पत्र टाकावं, मी आनंदाने पाठवीन. त्या पुस्तकात सत्त्याऐंशीव्या पानावर लेखकाने लिहिलं होतं की पाचूबंदरला उतरल्यावर वाळूत बायका दोऱ्यांवर मासे वाळवताना दिसतात आणि त्या वासाने परका माणूस मागे फिरतो. आमच्या वासाचं मला इतकं कौतुक कधीच वाटलं नव्हतं! पण सरांच्या प्रतीची पहिली चार पानं वाळवीने खाल्लेली. शीर्षकपृष्ठच नाही. नोंद कशी करणार?

मी मुंबईच्या एका ग्रंथालयात गेले, तिथली प्रत मागवली, शीर्षकपृष्ठ उतरवलं. साल मोजणीच्या आधीचं! मी आनंदाने घरी आले. सरांनी विचारलं, "पानं जुळवून पाहिलीस का?"

"हो, सर."

खोटं. मी फक्त प्रकरणांची नावं जुळवली होती. ती जुळत होती. माझ्या डोक्यात आलंच नाही की त्याच नावाचं पुस्तक दोन वेळा, दोन वेगळ्या मजकुरांनी निघू शकतं. पत्रकवाल्यांची सवय. आम्ही पत्रक पुन्हा छापताना हवं ते घालतो, नको ते काढतो, वर नाव तेच ठेवतो आणि ते पहिलंच पत्रक म्हणून वाटतो. आमच्याकडे आवृत्ती नावाची गोष्टच नसते. पुस्तक म्हणजे पुस्तक, एवढंच मला ठाऊक होतं.

सरांचा लेख एका त्रैमासिकात छापून आला. मी त्याची प्रत आमच्या अर्जाला जोडली आणि आम्ही प्रांतसाहेबांपुढे सुनावणीला गेलो. आम्ही म्हणजे तेवीस बायका, मी, आणि काठी टेकत सर. बायकांमध्ये सगळ्यात वयस्कर कातरीनबाय. तिचं नेमकं वय तिलाही ठाऊक नव्हतं, पण वलांडीखाली ती अजून कोणापेक्षाही झपझप चालायची. जाताना मला म्हणाली, "पोरी, तुज्या पुस्तकानं आज त्या शेटला खारवून ठेव."

शेठजींचा वकील उठला. हातात तेच पुस्तक, ग्रंथालयाच्या शिक्क्यासकट. माझी नोंद वाचून त्याने ती प्रत काढवली होती.

"अर्जदारांच्या सूचीप्रमाणे, पृष्ठ सत्त्याऐंशी," तो म्हणाला आणि वाचू लागला. त्या पानावर नारळाच्या झाडांवर पडणाऱ्या रोगाचं वर्णन होतं. बायकांचा पत्ता नाही. माशांचा नाही. वकिलाने पान मिटलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, वसईला बोंबील नारळाला लागतात का हो?"

अख्खी कचेरी हसली. प्रांतसाहेब हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "छापील कागद पुरावा म्हणून देताना तो तपासून द्यावा. पंधरा दिवस देतो. खुलासा आणा, नाहीतर हा लेख मी बाजूला ठेवतो."

बाहेर आल्यावर बायका मला मागे टाकून चालू लागल्या. कातरीनबायने तेवढं माझ्या पाठीवर थापटलं आणि म्हणाली, "नारलाला बोंबील! बरं झालं शेटला सुचलं नाय, नायतर नारल बी मागितले असते." मला रडू आलं. घरी पोहोचल्यावर मी सांगितलं, "सर, मी पानं जुळवली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं."

मला वाटलं, बाहेर काढतील. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "लेखावर नाव माझं आहे. मी तुझ्या 'हो'वर 'पाहिले' लिहिलं. खरं तर मी 'ऐकले' लिहायला हवं होतं. फिलोमिनाकडून." आणि हसले. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला या एका वाक्यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांची वाळवीने खाल्लेली प्रत कापडात गुंडाळून मुंबईला नेली. ग्रंथालयात तांबे नावाचे कारकून होते. त्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि पहिल्याच नजरेत म्हणाले, "अहो, ही तर अंगानेच मोठी आहे." खरंच, सरांची प्रत उंचीला दोन बोटं जास्त होती. मी दोन्ही कधी शेजारी ठेवल्याच नव्हत्या! तांबे आत गेले आणि धुळीने माखलेलं एक पुस्तक घेऊन आले. "उंच पुस्तकं आम्ही वेगळ्या कपाटात ठेवतो. खणात मावत नाहीत म्हणून. ही बघा, दुसरी आवृत्ती."

शीर्षकपृष्ठ शाबूत. लेखकाची नवी प्रस्तावना. त्यात त्याने लिहिलं होतं की पहिल्या वेळी काही बंदरं आपण न पाहताच वर्णिली होती, ती आता स्वतः पाहून पुन्हा लिहिली आहेत. पृष्ठ सत्त्याऐंशी, आमच्या बायका, आमचा वास, सगळं जागच्या जागी. मी तांब्यांना म्हटलं, देव तुमचं भलं करो. मग साल पाहिलं.

साल मोजणीच्या नंतरचं होतं. नऊ वर्षं नंतरचं.

म्हणजे पुस्तक खरं होतं, पण आमच्या कामाचं अर्धंच. मोजणीनंतर नऊ वर्षांनी तिथे बायका होत्या, एवढंच ते सांगत होतं. मोजणीच्या आधी होत्या हे नाही. माझं 'सर्वांना ठाऊक आहे' पुन्हा हवेत लटकलं. येताना माझ्या मनात काय काय आलं ते सांगायला हवं. नोंद अशी लिहायची की आवृत्ती दिसेल पण साल जरा मागे पडेल. वकिलाला उघडं पाडणं महत्त्वाचं, साल कोण बघतो? मी पत्रकवाली होते. मला हे जमलं असतं.

सरांसमोर कार्ड लिहायला बसले. मी साल लिहिलं. मोठ्या अक्षरात.

मग उरलेल्या दिवसांत सरांनी सांगितलं तसं मी प्रत्येक बाईचं एक कार्ड केलं. पुस्तकाचं करतात तसंच. नाव, घर, वलांडी कुठल्या बाजूला, केव्हापासून, आणि कोपऱ्यात 'पाहिले' किंवा 'ऐकले'. बायकांना गंमत वाटली. "आमी काय पुस्तकं हाओत?" एकीने विचारलं. मी म्हटलं, पुस्तकांपेक्षा बऱ्या, तुमची पहिली पानं वाळवीने खाल्लेली नाहीत. कातरीनबायने सांगितलं की मोजणीची माणसं साखळी घेऊन आली तेव्हा वलांडीखालून वाकून वाकून गेली, एकाची पगडी दोरीला अडकली आणि बोंबलात पडली. मी विचारलं, "बाय, तू पाहिलंस?" ती म्हणाली, "पायलं नाय तर काय!" मी आनंदाने 'पाहिले' लिहिलं. मोजणीच्या वेळी वलांड्या होत्या, याला यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

दुसऱ्या सुनावणीत मी उभी राहिले आणि आधी माझी चूक सांगितली. कोणत्या प्रतीवरून काय उतरवलं, काय जुळवलं नाही, खरी आवृत्ती कोणती, आणि तिच्यावरून काय सिद्ध होतं व काय होत नाही. वकील मध्येच म्हणाला, "म्हणजे मोजणीआधीचा पुरावा नाही हे तुम्हीच कबूल करता?" मी म्हटलं, "पुस्तकाचा नाही. बायकांचा आहे." आणि कार्डं पुढे केली. प्रांतसाहेबांनी ती एकेक करून वाचली. कातरीनबायच्या कार्डावर थांबले, तिच्याकडे पाहिलं, टाचण केलं आणि निकाल नंतर कळवू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातरीनबाय सरांच्या दारात. तोंड उतरलेलं.

"पोरी, ते पगडीचं... ते मी पायलं नाय."

"काय?"

"आयनं सांगितलं. मी तवा पालन्यात होते. इतक्या डाव ऐकलं की मना वाटाय लागलं मीच तिथं होते. रातभर डोला लागला नाय. साएबाला कलव."

सगळा दावा त्या पगडीवर उभा होता. मी म्हटलं, "बाय, साहेबांनी लिहून घेतलंय. निकाल आपल्या बाजूने लागतोय. राहू दे ना."

त्यावर ती जे म्हणाली ते मी अजून विसरले नाही. "काल तू सगल्यांच्या म्होरं तुजी चूक सांगितलीस. आमी तुज्या मागं मान वर करून उभ्या होतो. आनि माजी चूक लपवतेस?"

सर आतून म्हणाले, "फिलोमिना, नवं कार्ड घे."

मी नवं कार्ड घेतलं. 'पाहिले' ऐवजी 'ऐकले'. कोणाकडून? कातरीनबायला विचारलं, आईचं नाव काय होतं तुझ्या? ती दचकली. तिला हे कोणी कधी विचारलं नसावं. "इजाबेल," ती म्हणाली. "पन मेलेल्या मानसाचं नाव सरकारात चालतं का गो?"

"ज्याने सांगितलं त्याचं नाव लिहावंच लागतं, बाय. नाहीतर ती गोष्ट कोणाचीच राहत नाही."

ते कार्ड पत्रासोबत मी स्वतः कचेरीत नेऊन दिलं. परत येताना माझी खात्री होती की आपण हरलो.

महिन्याने निकाल आला. सगळ्या बायका वलांड्यांपाशी जमल्या आणि मी वाचून दाखवला. जागा पडीक नव्हती, ती वाळवणासाठी वापरात होती, आणि कारखान्यासाठी देता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. कारण असं दिलं होतं की अर्जदारांनी आपल्याच पुराव्यातल्या चुका दोन वेळा आपणहून दुरुस्त केल्या, म्हणून त्यांचं उरलेलं म्हणणं विश्वासार्ह धरलं आहे. बायका ओरडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, एकीने माझ्या डोक्यावर बोंबलांची जोडी ठेवली.

कातरीनबाय मात्र जागची हलली नाही. "पगडीचं काय लिवलंय, ते वाच."

मी वाचलं: मोजणीच्या वेळी त्या जागी वाळवणाच्या दोऱ्या असल्याचे कातरीन हिने सांगितले, ही माहिती तिने स्वतः पाहिलेली नसून तिची आई, मयत इजाबेल, राहणार पाचूबंदर, हिच्याकडून ऐकली आहे.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं. तिने पदराने हात पुसले, माझ्या हातातून कागद घेतला, आणि वाचता येत नसलेली ती बाई त्या ओळीवरून बोट फिरवत विचारू लागली, "यात आयचं नाव कंचं गो? दाखव मना."

मी दाखवलं.